म्हापशाचं पाणी अस्नोड्यात चांगलं असतं, मग घरी येईपर्यंत काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा: लग्न होऊन साताऱ्याहून म्हापशात आलेल्या एका ताईंचं बिऱ्हाड बारा फ्लॅटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. सकाळी नळ सोडला की पहिलं पाणी तांबूस येतं, काही दिवशी औषधाचा वास येतो. घरात सात महिन्यांचं बाळ आहे. एका विक्रेत्याने घरी येऊन पाण्यात विजेच्या दांड्या बुडवल्या, पाणी चॉकलेटी करून दाखवलं आणि आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बसवायला सांगितलं. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर हेच पाणी प्यायलो, काही झालं नाही. मग खरं कोणाचं?

ताई, आधी बाळापुरतं सांगतो, कारण जीव तिथे अडकलेला असणार. बाळाला पाजायचं पाणी आणि त्याची पेज पातळ करायचं पाणी उकळून घ्या. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट ठेवा, त्याच भांड्यात झाकून गार करा आणि त्याच दिवशी संपवा. पाणी काढायला पेला बुडवू नका, ओगराळं वापरा. एवढं आजपासून सुरू करा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

दुसरं, आरओचे पैसे अजून देऊ नका.

माझी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रांच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त होऊन डिचोलीला राहायला आल्यावर असाच एक तरुण माझ्याही दारात आला. दोन पेले मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं 'शुद्ध' पाणी. दांड्यांचं यंत्र लावलं. आमचं पाणी दोन-तीन मिनिटांत गढूळ, तपकिरी झालं, त्याचं तसंच राहिलं. हिने लगेच माझ्याकडे पाहिलं, म्हणजे एवढी वर्षं तुम्ही आम्हाला हे पाजत होता! मी तिला मिठाची बरणी आणायला सांगितली. त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव. ते आमच्यापेक्षा काळं झालं. पोराला खरंच माहीत नव्हतं हो, त्याला कंपनीने एवढंच शिकवलेलं. त्या यंत्रात लोखंडाची दांडी असते. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते, दांडी झिजते आणि तिचा गंज पेल्यात उतरतो. दिसते ती घाण दांडीची. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असल्याने वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

तुमच्याकडे त्याने टीडीएसचा मीटरही लावला असेल. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जमीन जांभ्याची, त्यामुळे नदीचं पाणी मुळातच मऊ. नळाला मीटर लावला तर बहुतेक ठिकाणी शंभराच्या आत-बाहेर आकडा दिसेल. आरओ ज्यासाठी शोधलं गेलं तेवढे क्षार आपल्या पाण्यात नाहीतच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घाला असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, ते याच कारणाने. शिवाय एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर मोरीत जातं. आणि मुख्य गोष्ट, हा मीटर जंतू मोजत नाही. गटाराच्या पाण्याचा थेंब पेल्यात पडला तरी त्याचा काटा हलणार नाही.

तर मग पाणी चांगलं आहे का?

म्हापशाला पाणी येतं अस्नोड्याच्या केंद्रातून. तिथे कच्चं पाणी मुख्यतः तिळारीच्या कालव्याचं. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, प्रकल्प दोन्ही राज्यांचा. कालवा दुरुस्तीसाठी बंद असला की आमठाण्याच्या धरणाचा आधार घेतात. पणजी-फोंड्याला ओपाचं, मडगाव-वास्कोला साळावलीचं, तसं बार्देश तालुक्याला, म्हणजे तुमच्या म्हापशाला, अस्नोड्याचं. स्रोत वेगवेगळे, पण आतली कृती सगळीकडे साधारण तीच: तुरटी, निवळणं, वाळूच्या गाळण्या, क्लोरीन.

जूनमधला पहिला जोराचा पाऊस झाला की प्रयोगशाळेत आमची परीक्षा असे. आदल्या दिवशी आरशासारखं असलेलं कच्चं पाणी सकाळी दूध घातलेल्या चहासारखं यायचं. मग 'जार टेस्ट'. सहा काचपात्रांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचा डोस वाढवत न्यायचा, मिनिटभर जोरात आणि मग वीस मिनिटं हळू ढवळायचं. चौथ्या किंवा पाचव्या पात्रात आधी धुक्यासारखं काहीतरी दिसतं, मग त्याचे कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसू लागतात. ज्या पात्रात पुंजके सगळ्यांत आधी आणि जड होऊन बसले, तो त्या दिवसाचा डोस. एक अडचण मात्र खास आपल्याकडची. पाणी इतकं मऊ की तुरटी टाकली की पीएच घसरतो, पाणी आम्लाकडे झुकतं. मग चुना द्यावा लागतो. चुन्याचा हात आखडला तर पाणी दिसायला स्वच्छच असतं, पण वाटेतल्या लोखंडाच्या पाइपांना खात जातं. तुमच्या तांबूस पाण्याचं मूळ इथे आहे, त्याकडे येतो.

केंद्रातून निघणारं पाणी, पावसाळ्यातले काही वाईट दिवस सोडले तर, मी स्वतः नळाखाली ओंजळ धरून प्यायलो आहे. तुमच्या पेल्यातल्या पाण्याबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि त्याची कारणं दोन: वाटेतला दाब आणि तुमच्या इमारतीच्या टाक्या.

दाबाचं आधी. पाइपात चोवीस तास दाब असेल तर एखाद्या फटीतून पाणी बाहेर गळेल, बाहेरचं आत येणार नाही. पाणी ठरावीक तास सोडून बंद केलं की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते, आणि फटीशेजारी जे असेल ते आत येतं. घरांच्या जोडण्यांचे बारीक पाइप कित्येक ठिकाणी गटारातूनच गेलेले असतात, चालता-चालता दिसतात. त्यात कोणी मुख्य वाहिनीला थेट मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं ते संशयितच धरावं. ओडिशातल्या पुरीला २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट पिता येईल अशी व्यवस्था केली, तेव्हा त्यांनी आधी चोवीस तास पुरवठा साधला. गोवा २०२२ मध्ये घरोघरी नळ असल्याचं प्रमाणित झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं, चांगलीच गोष्ट आहे, पण नळ असणं आणि नळात सतत दाब असणं यांत फरक राहतो. मोठी वाहिनी फुटली तर काय होतं ते पणजी-तिसवाडीकरांनी ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिलं. खांडेपारला वाहिन्या फुटल्या आणि कित्येक दिवस नळ कोरडे राहिले. अशा खंडानंतर परत सुटलेलं पहिलं पाणी भांड्यात भरून ठेवायचं नसतं, वाहू द्यायचं असतं. आपण नेमकं उलट करतो, दिसेल त्या बादलीत भरून घेतो.

आता टाक्या. तुमच्या इमारतीचा अंदाज करतो. बारा फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी दीडशे लिटर, म्हणजे दिवसाला ७२०० लिटर. खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, वीस हजारांचा आणि गच्चीवर दहा हजारांची टाकी असेल तर तीस हजार लिटर साठा होतो. हिशेब करा, तुम्ही चार दिवसांपूर्वीचं पाणी पिताय. गच्चीवरची काळी टाकी एप्रिल-मेमध्ये अंघोळीच्या पाण्याइतकी तापते. पाण्यात शिल्लक असलेलं थोडंसं क्लोरीन एवढे दिवस त्या उन्हात टिकत नाही. पाणी कमी पडू नये म्हणून मोठी टाकी बांधावी, तर तीच पाणी शिळं करते. मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं लागतं. वाटेत काही घाण शिरली तर तिच्याशी लढणारं पाण्यात तेवढंच असतं. म्हणून औषधाचा वास आला की लोक घाबरतात आणि मी निश्चिंत होतो. वास नकोसा वाटत असेल तर पाणी उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवा, उडून जाईल.

एकदा एका इमारतीत, गाव सांगत नाही, आठवड्याभरात पाच-सहा मुलांना जुलाब लागले. सगळ्यांनी सरकारी पाण्यावर खापर फोडलं. आम्ही पाण्याच्या मीटरजवळचं, म्हणजे सरकारी पाणी आवारात शिरतं तिथलं, पाणी तपासलं, क्लोरीन ०.४. संपमध्ये शून्य. संपच्या भिंतीपासून जेमतेम दहा फुटांवर सेप्टिक टँकचा सोकपिट, म्हणजे मैलापाणी मुरवायचा खड्डा. जांभा दगड स्पंजसारखा असतो, पाणी त्यातून आरामात जातं. आम्ही सेप्टिकच्या चेंबरमध्ये फ्लुरोसीन नावाचा हिरवा रंग सोडला. दुसऱ्या दिवशी संपचं झाकण उचलून टॉर्च मारला तर पाण्यावर हिरवट झाक. तिथे उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या तोंडून शब्द फुटेना. बिल्डरने संपला आतून गिलावा केला होता, पण दोन भिंतींच्या सांध्यात केसाएवढी चीर राहिली होती.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो ते तीन ठिकाणच्या पाण्याचं. औषधांच्या किंवा प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो. डीपीडी नावाच्या रसायनाची गोळी टाकायची, पाणी गुलाबी झालं की रंगपट्टीशी जुळवायचं. सकाळी पाणी सुटलं असताना एक नमुना मीटरजवळच्या नळाचा घ्या, संपच्या आधीचा. दुसरा गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा, तिसरा स्वयंपाकघरातला. मीटरजवळ गुलाबी आणि स्वयंपाकघरात बिनरंगाचं आलं तर दोष तुमच्या आवारात आहे, आणि तो तुम्हालाच काढायचा आहे. मीटरजवळच रंग येत नसेल, तेही दोन-तीन दिवस, तर तारीख-वेळ लिहून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. 'पाणी खराब येतं' या तक्रारीला कोणी हलत नाही. 'अमुक तारखेला सकाळी साडेसहाला मीटरजवळ क्लोरीन शून्य' असं लिहिलंत की माणूस येतो.

जंतूंसाठी एच-टू-एसची बाटलीही मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी ठेवायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. पक्कं करायचं तर प्रयोगशाळेत नमुना द्या, पण त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात क्लोरीन मारणारं द्रव्य घातलेलं असतं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली आतून विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आमच्याकडे लोक काजू फेणीच्या बाटलीत नमुना घेऊन यायचे. त्यात कसले जंतू सापडणार!

आता तांबूस पाणी. रात्रभर पाइपात साचलेलं मऊ, किंचित आम्ल पाणी जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपांचं लोखंड खातं आणि सकाळी तेच पहिल्यांदा बाहेर येतं. पांढऱ्या मगात पहिलं पाणी धरा, तीन मिनिटं नळ सोडा, मग दुसरा मग भरा. दुसरा स्वच्छ असेल तर गंज तुमच्या इमारतीच्या पाइपांतला आहे. सासूबाईंना विचारा, चहा पूर्वीपेक्षा काळपट दिसतो का. चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की असं होतं. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डागही पडतात. लोहाचा तब्येतीला फारसा धोका नाही, त्रास चवीचा आणि रंगाचा. पण जुन्या पितळी तोट्यांतून आणि जोडांतून शिसंही थोडं उतरू शकतं, म्हणून पहिलं पाणी झाडांना किंवा फरशीला, पिण्याचं नंतर. इमारतीतले उभे पाइप कधीतरी बदलावेच लागतील, तो खर्च सगळ्यांनी मिळून करायचा. दिवसभर पाणी तांबडं येत असेल, किंवा काळसर कण येत असतील, तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात धरणाच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू उरत नाही आणि गाळातलं लोह-मँगनीज विरघळतं. खाणपट्ट्याच्या जवळच्या धरणांना हा त्रास जास्त. मँगनीजची मर्यादा मानकात ०.१ मिलिग्रॅम आहे आणि ते उकळून जात नाही, त्याला केंद्रातच उपाय हवा.

संप आणि टाकी वर्षातून दोनदा धुवा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. उपसून, ब्रशने घासून, गाळ काढून परत भरा आणि दर हजार लिटरला दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळून, फक्त वरचं पाणी ओता. बारा तास ठेवा. हे पाणी पिण्याचं नाही, सगळे नळ थोडे-थोडे सोडून पाइपांतूनही फिरवा आणि मग फेकून द्या. विहिरीत किंवा कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, सोडू नका. हे प्रमाण पंचवीस टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं. उघडी पिशवी आपल्या दमट हवेत महिन्याभरात निम्मी मरते, त्यामुळे ताजी आणा, आणि संडास धुण्याचं आम्ल तिच्याजवळही नेऊ नका, विषारी वायू सुटतो. रोजच्या पाण्यात क्लोरीन शून्य येत असेल तर हजार लिटरला चार ग्रॅम पुरे होतात. अर्धा तास थांबून परत संचाने तपासा.

घरात यंत्र हवंच असेल तर गाळणी, कार्बन आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा, असलेलं साधं यंत्र घ्या. मात्र कार्बन क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे यंत्राच्या टाकीतलं पाणी अगदी निराधार असतं. गावाला जाऊन आठवड्याने परत आलात तर ते आधी ओतून द्या. यूव्हीचा दिवा साधारण वर्षभर चालतो. नंतरही निळा उजेड दिसतो, पण जंतू मारण्याची ताकद गेलेली असते. वीज गेली की तोही गेला, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

आरओ घ्यायची वेळ एकच. तुमची सोसायटी उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी संपमध्ये मिसळत असेल तर. गोव्यात भरतीचं खारं पाणी मांडवी-झुवारीतून खूप आत चढतं. नदीकाठच्या आणि किनाऱ्याच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि टँकर कोणत्या बांयवर, म्हणजे विहिरीवर, भरला हे चालक सांगेलच असं नाही. अशा दिवशी टीडीएसचा मीटर खरंच कामाचा. नेहमीचा सत्तर-ऐंशीचा आकडा एकदम चारशे-सहाशेवर गेला की समजा, संपमध्ये दुसरं पाणी आलंय. मीटर घेतलाच असेल तर असा वापरा.

आणि सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या वेळी अंगणात एक नळ होता. पाणी यायचं, कळशी भरायची, त्याच दिवशी संपायची. मध्ये ना संप होता ना गच्चीवरची टाकी. त्यांनी खरोखरच अस्नोड्याचं ताजं पाणी प्यायलं. तुम्ही येत्या रविवारी सेक्रेटरींकडून संपच्या झाकणाची किल्ली मागा, टॉर्च घेऊन खाली जा आणि संपमध्ये न उतरता, वरूनच भिंतींचे सांधे नीट बघा. झाकण उचलायला दोन माणसं लागतील, आणि सेप्टिक टँक किती पावलांवर आहे तेही जाताना मोजून घ्या.